डबा अजून तुमच्याच स्वयंपाकघरात आहे

पत्राचा सारांश

मूळच्या नगर जिल्ह्यातील आणि सध्या केनियातील किसुमू शहरात राहणाऱ्या एका भगिनीचे हे पत्र आहे. त्यांचे यजमान मराठी मंडळीत पाळक होते. एका भारतीय मिशन संस्थेने चौदा महिन्यांपूर्वी त्यांना तिकडील बायबल शाळेत शिकवण्यासाठी पाठवले. भगिनी स्वतः परिचारिका आहेत, परंतु आश्रित म्हणून गेल्यामुळे त्यांना तेथे नोकरी करता येत नाही. तेरा वर्षांची मुलगी आणि सहा वर्षांचा मुलगा सोबत आहेत. शेजारच्या घरातील एका लुओ (पश्चिम केनियातील एक समाज) बाईंशी त्यांचे चांगले सूत जमले. पत्रात त्यांचा उल्लेख 'मामा अकिन्यी', म्हणजे अकिन्यीची आई, असा आहे. बाजारात योग्य भावाने मासळी घेऊन देणे, मुलगा हिवतापाने फणफणला त्या रात्री दवाखान्यात सोबत बसणे, दुपारी न सांगता येऊन गप्पा मारणे, असे सगळे सुरू होते. तीन महिन्यांपूर्वी मामा अकिन्यींचे दीर वारले आणि त्यांनी दफनविधीच्या खर्चासाठी दहा हजार शिलिंग, म्हणजे साधारण साडेसहा हजार रुपये, मागितले. कोणालाही वैयक्तिक आर्थिक मदत करायची नाही, असा संस्थेचा नियम असल्याने भगिनींनी नकार दिला. त्यानंतर येणे-जाणे थांबले. त्यातच, भारतातील पाठीराख्यांना दरमहा जाणाऱ्या प्रार्थनापत्राची एक प्रत फिरत फिरत किसुमूच्या मंडळीत पोहोचली. तिच्यात मामा अकिन्यींचा फोटो होता आणि त्यांच्या नवऱ्याच्या दारूसाठी प्रार्थना करण्याची विनंती होती.

भगिनी विचारतात : "ती मैत्री खरी होती की पैशासाठी होती? यजमान म्हणतात, आपण सेवेसाठी आलो आहोत, मैत्रीसाठी नाही. शुक्रवारी परदेशी मिशनरी कुटुंबे एकत्र जमतात, तेथे मला हायसे वाटते. मग बाहेर मैत्री करण्याचा हट्ट सोडून द्यावा का?" पत्राच्या शेवटी त्यांनी आजीची एक आठवण लिहिली आहे, आणि मामा अकिन्यींचा एक डबा आपल्याकडे राहिला असून तो कसा परत करावा हे सुचत नाही, असेही जाता जाता कळवले आहे.

उत्तर

ताई,

तुमच्या प्रश्नात 'खरी' आणि 'पैशासाठी' हे दोन शब्द एकमेकांसमोर उभे आहेत, जणू मैत्री या दोहोंपैकी एकच काहीतरी असू शकते. ही कल्पना तुम्ही नगरहून किसुमूला नेली, असे मला वाटत नाही, कारण नगर जिल्ह्यातील गावात तिला फारसा थारा नाही. आपल्याकडे लग्नघरात आहेराची वही असते. कोणी किती रुपये, कोणी साडी, कोणी भांडे दिले याची नोंद तिच्यात होते, आणि पुढे त्या घरी कार्य निघाले की वही उघडून, मागच्यापेक्षा थोडे अधिक घालून आहेर केला जातो. मयत झालेल्या घरी चूल पेटत नाही तोवर शेजारपाजारच्या घरांतून पिठले-भाकरी जाते. बायकांची भिशी तर निव्वळ पैशाचाच व्यवहार असतो, तरी भिशीतल्या बायकांचे एकमेकींवर प्रेम नसते, असे कोणी म्हणणार नाही. मैत्रीत पैशाचा विषय निघूच नये, हा दंडक पगारदार शहरी घरांचा आहे, आणि तोही बहुधा ज्यांना अडीअडचणीला बँकेचे कर्ज मिळू शकते अशाच घरांचा. तेव्हा पैसे मागितले म्हणजे मैत्री खोटी, या अनुमानाकडे आधी थोडे संशयाने पाहू या.

दुसरे म्हणजे, पैसे कशासाठी मागितले होते, याकडे तुमच्या पत्रात फारसे लक्ष गेलेले दिसत नाही. लुओ समाजात माणूस कोठेही मेला तरी त्याला मूळ घराच्या, म्हणजे त्यांच्या भाषेत 'दाला'च्या, जमिनीत पुरावे लागते. डिसेंबर १९८६ मध्ये एस. एम. ओटिएनो हे नैरोबीतील नामांकित लुओ वकील वारले. त्यांची पत्नी किकुयू समाजातील होती आणि तिला त्यांचे दफन नैरोबीजवळच्या त्यांच्या जमिनीत करायचे होते, तर कुळातील लोकांचे म्हणणे होते की ते सियाया भागातील मूळ गावीच झाले पाहिजे. हा वाद वरिष्ठ न्यायालयापर्यंत गेला, मृतदेह पाच महिने शवागारात राहिला आणि अखेर मे १९८७ मध्ये, निकाल कुळाच्या बाजूने लागल्यावर, दफन गावी झाले. शिकलेल्या, शहरी, इंग्रजी कायद्यात मुरलेल्या माणसाच्या बाबतीत ही ओढाताण होते, तर सामान्य घरात काय होत असेल याची कल्पना करा. शवागाराचे भाडे, गावापर्यंतची गाडी, शवपेटी आणि काही दिवस येत-जात राहणाऱ्या शेकडो माणसांचे जेवण एवढा खर्च कोणतेही एक घर एकट्याने पेलत नाही. त्यासाठी बैठका होतात, वही फिरते, आणि ज्यांना येणे शक्य नाही ते मोबाइलवरून एम-पेसाने रक्कम पाठवतात. वहीत नाव असणे म्हणजे त्या घराच्या माणसांत गणले जाणे.

म्हणजे मामा अकिन्यींनी तुम्हाला विचारले, यात तुम्हाला आपल्यांत धरल्याची खूण होती. ती एकच गोष्ट होती, असे मात्र मी म्हणणार नाही. तुम्ही भारतीय आहात, तुमच्या घरासमोर संस्थेची गाडी उभी राहते, तुमचे यजमान विमानाने येतात-जातात. हे सारे तिला दिसते, आणि दहा हजारांचा आकडा ठरवताना तिने ते ध्यानात घेतलेच असेल. आपलेपणा आणि गरज ही दोन्ही एकाच मागणीत असू शकतात. मला वाटते, बहुतेक मागण्या तशाच असतात. शिवाय अशा वेळी सांगितलेला आकडा पुष्कळदा बोलण्याची सुरुवात असतो, आणि त्याच्या निम्मे किंवा पाव दिले तरी कोणाचा अपमान होत नाही. तुम्ही त्या आकड्याला संपूर्ण 'हो' किंवा संपूर्ण 'नाही' एवढीच दोन उत्तरे आहेत असे समजलात.

परदेशी माणसाला केवळ गिऱ्हाईक समजणारे लोक किसुमूतही असतील, जसे ते महाबळेश्वरला आहेत आणि शिर्डीतही आहेत. ते ओळखायचे कसे, हा तुमच्यासारख्या अनेकांचा प्रश्न आहे. मला एक साधी कसोटी उपयोगी वाटते : ती व्यक्ती तुम्हाला काही देते का, आणि तुम्ही ते घेता का? तुमच्या पत्रातील जमाखर्च मी मांडून पाहिला. त्यात तिने दिलेल्या गोष्टींची यादी लांब आहे. त्यांपैकी एक तर हिवतापाच्या रात्रीचे जागरण आहे, ज्याचे मोल मी तुम्हाला सांगावे अशी गरज नाही, कारण त्या रात्री तुम्ही परिचारिका नव्हता, फक्त आई होता. तुमच्या बाजूला काय आहे, ते मी शोधत राहिले. चहा आहे, मुलांच्या जुन्या वह्या-पुस्तकांचा उल्लेख आहे, आणि मग नकार आहे.

नियमाबद्दल थोडे बोलते. संस्थेचा नियम मूर्खपणाचा नाही. बाहेरून आलेले कुटुंब एका घराला मदत करते, दुसऱ्याला करत नाही, त्यातून हेवेदावे वाढतात, मंडळीत गट पडतात, आणि काही काळाने लोक त्या कुटुंबाशी बोलण्याआधीच मनात मागणी ठरवून येतात. असे घडलेले मी नैरोबीतील माझ्या तीन वर्षांच्या वास्तव्यात पाहिले आहे. परंतु हा नियम संस्थेच्या पैशाबद्दल आणि संस्थेच्या नावाबद्दल आहे. दोन किलो साखर आणि तेलाची बाटली घेऊन शोकघरी जाऊन बसायला, स्वयंपाकाच्या धुरात इतर बायकांबरोबर भाजी चिरायला, आणि त्या गावी जाणाऱ्या गाडीत एक दिवस घालवायला नियम आडवा येत नाही. तुम्ही गेला होता का? पत्रात ते नाही. न गेल्याचे तुम्ही लिहिलेलेही नाही, पण गेला असता तर ते पत्रात आले असते, असा माझा कयास आहे. आपल्याकडे लग्नाला न गेल्यास लोक समजून घेतात, मयताला न गेल्यास घेत नाहीत. हे तुम्हाला कोणी शिकवायला नको, आणि तरीही पैशाच्या संकोचामुळे तुम्ही ते विसरलात, असे मला वाटते.

पुढच्या वेळेसाठी, आणि अशी वेळ पुन्हा येणारच, यजमानांबरोबर बसून घरखर्चातून दरमहा एक छोटी रक्कम बाजूला ठेवा. ती संस्थेची नाही, तुमच्या घरची असेल, आणि एखाद्या महिन्यात ती संपली तर 'या महिन्यात माझ्याकडे एवढेच आहे' हे तुम्हाला खरे बोलता येईल. नियमाचा हवाला देऊन नकार देण्यापेक्षा आपली ऐपत सांगून थोडे देणे माणसाला समजते. कोणत्या प्रसंगी किती देण्याची रीत आहे, हे त्या घराशी संबंध नसलेल्या एखाद्या वडीलधाऱ्या स्थानिक बाईला विचारून घ्या. परत मिळण्याची आशा नसेल ते पैसे उसने म्हणून देऊ नका, कारण उसन्याने समोरचा माणूस रस्ता बदलून जाऊ लागतो. आणि जे देता येणार नाही ते सांगतानाच, त्याच वाक्यात, जे करता येईल ते सांगा.

आता प्रार्थनापत्राकडे येते. तुमची समजूत आहे की मैत्री पैशावरून तुटली आणि पत्राने भर पडली. मला ते उलटे दिसते. शोकघरातील नकार माणसे वर्षभराने विसरतात. नवऱ्याच्या दारूची गोष्ट, जी तिने दुपारच्या एकांतात तुमच्यापाशी बोलली, ती फोटोसह छापून येणे आणि आपल्याच मंडळीतल्या बायकांनी ती वाचणे, हे वेगळे आहे. तुम्ही ते वाईट हेतूने लिहिले नाही, हे मला मान्य आहे. दर महिन्याला काहीतरी घडल्याचे लिहावे लागते, पाठीराख्यांची देणगी त्यावर थोडीफार अवलंबून असते, आणि 'या महिन्यात मी भाषेचे दहा शब्द शिकले व दोन वेळा बाजारात फसले' असे लिहिले तर पुण्या-नगरकडचे लोक काय म्हणतील, ही धास्तीही असते. पण त्या मजकुरात मामा अकिन्यी मैत्रीण म्हणून कोठेच नव्हती. तेथे ती गरजू होती, आणि तुम्ही तिची गरज ओळखणाऱ्या होता.

यात आणखी एक गोम आहे. केनियाच्या २०१९ च्या जनगणनेनुसार तेथील ८५ टक्क्यांहून अधिक लोक ख्रिस्ती आहेत. तुमच्यापासून तासाभराच्या अंतरावरील मासेनो येथे १९०६ पासून मिशनची शाळा आहे. मामा अकिन्यी तिसऱ्या किंवा चौथ्या पिढीची ख्रिस्ती असण्याचा पुष्कळ संभव आहे, म्हणजे जवळजवळ तुमच्याइतकीच. तिला बाहेरून आलेल्या बाईने प्रार्थनेचा 'विषय' करावे, हे तिला कसे वाटले असेल? धर्मप्रसाराविषयी माझी मते तुमच्याहून वेगळी आहेत आणि ती येथे मांडण्याचे कारण नाही. पण मैत्रीला एखादा हेतू असला तरी तो समोरच्याला ठाऊक असावा, एवढे मी कोणत्याही धर्माच्या माणसाला सांगेन. यापुढे प्रार्थनापत्रात ज्या कोणाविषयी लिहाल, त्या व्यक्तीसमोर तो मजकूर मोठ्याने वाचता येईल का, हे स्वतःला विचारा, आणि शक्य असेल तेव्हा खरोखरच वाचून दाखवा. फोटोसाठी तर परवानगी हवीच. तिने तुम्हाला काय शिकवले, ते लिहिता येईल. ते वाचायला तुमच्या पाठीराख्यांना कंटाळा येईल, असे मला वाटत नाही.

तुमच्या आजीची आठवण येथे मला फार महत्त्वाची वाटते. गावातल्या मिशनच्या बंगल्यावर एक मडमबाई राहायच्या, त्या आजीकडे भाकरी थापायला शिकायला यायच्या, आणि त्यांची भाकरी शेवटपर्यंत कधी नीट गोल झाली नाही, ही गोष्ट आजी म्हातारपणीही हसून सांगायची, असे तुम्ही लिहिले आहे. नगर जिल्ह्याला मिशनऱ्यांचा सहवास मोठा आहे. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले लोक १८१३ मध्ये मुंबईत उतरले. सिंथिया फरार १८२७ साली, अविवाहित आणि एकट्या, मुंबईत आल्या, पुढे त्यांनी अहमदनगरला मुलींच्या शाळा चालवल्या आणि १८६२ साली तेथेच त्यांचे निधन झाले. अशा लोकांनी काय दिले याची नोंद इतिहासात आहे : शाळा, दवाखाने, पुस्तके. तुमच्या आजीने मात्र यांतले काही सांगितले नाही. तिने सांगितले ते हे, की मडमबाईंना एक गोष्ट येत नव्हती आणि ती मी शिकवत होते. त्या घटकाभरासाठी चुलीपुढे आजी गुरू होती. ताई, तुम्ही त्याच आजीची नात आहात, आणि किसुमूत तुमची जागा मडमबाईंची आहे. तुमची कोणती गोष्ट मामा अकिन्यी हसत हसत सांगू शकेल?

तुमच्या यजमानांचे वाक्य, 'सेवेसाठी आलो आहोत, मैत्रीसाठी नाही', वाचून मला माझ्या गावची एक हकिकत आठवली. मी नाशिकची. शरणपूर रोडवरून शाळेत जाताना 'शरणपूर' हे नाव कोठून आले, असे कधी मनात आले नव्हते. एकोणिसाव्या शतकात ती मिशनची ख्रिस्ती वस्ती होती, आणि इंग्रजांच्या आरमाराने गुलामांच्या गलबतांतून सोडवलेली आफ्रिकी मुले तेथे आणून ठेवली जात. त्यांना तेथे लिहिणे-वाचणे आणि सुतारकी, लोहारकी असे हस्तव्यवसाय शिकवले जात. आफ्रिकेत फिरलेले स्कॉटिश मिशनरी व संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टन १८७३ साली आजच्या झांबियात वारले, तेव्हा त्यांचा देह समुद्रकिनाऱ्यापर्यंत वाहून नेणाऱ्या सोबत्यांत जेकब वेनराइट हा शरणपूरच्या शाळेत शिकलेला तरुण होता. पुढे तो लंडनपर्यंत त्या शवपेटीबरोबर गेला. १८७५ साली केनियाच्या किनाऱ्यावरील मोंबासाजवळ, सुटका झालेल्या गुलामांसाठी वस्ती उभी राहिली, तिला मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्यावरून फ्रियरटाउन नाव मिळाले, आणि तिच्या उभारणीसाठी हीच नाशिकची मंडळी शिक्षक, कारागीर, धर्मशिक्षक म्हणून नेण्यात आली. भाषा आणि कसब या दोन्हींमुळे ती मिशनला फार उपयोगी होती. परंतु गोऱ्या मिशनऱ्यांनी त्यांना बरोबरीचे मानले नाही, आणि किनाऱ्यावरच्या लोकांना त्यांचे कपडे, बोलणे, रीतिभाती परक्या वाटत राहिल्या. उपयोगी असणे आणि आपले असणे यांत केवढे अंतर असते, ते त्या माणसांनी भोगले. सेवा मैत्रीवाचून करता येते, हे तुमच्या यजमानांचे म्हणणे खरे आहे. ती तशी करणाऱ्याच्या घरी डबा मात्र येत नाही.

आणि तुमच्या घरी तो आला, हे किती दुर्मीळ आहे, हेही तुम्ही लक्षात घ्यावे. मोंबासाहून निघालेली रेल्वे १९०१ साली व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी, आजच्या किसुमूला पोहोचली. तो मार्ग बांधायला हिंदुस्थानातून सुमारे ३२ हजार मजूर नेले होते आणि त्यांतले जवळपास अडीच हजार दगावले. मागोमाग दुकानदार आले, बहुतांशी गुजराती. स्वाहिलीत दुकानाला 'दुका' म्हणतात. २०१७ साली केनिया सरकारने आशियाई वंशाच्या नागरिकांना देशातील ४४वी जमात म्हणून मान्यता दिली. तरीही या शंभर-सव्वाशे वर्षांत भारतीय, म्हणजे 'मुहिंदी', आणि लुओ माणूस भेटले ते बहुतेक वेळा गल्ल्याच्या अलीकडे-पलीकडे किंवा मालक-नोकर म्हणून. एकमेकांच्या स्वयंपाकघरात बसण्याचे प्रसंग थोडे आले. शेजारच्या मुहिंदी बाईकडे डबा घेऊन जाताना मामा अकिन्यीला कोणी काही बोलले असेल की नाही, कोण जाणे.

शुक्रवारचा मेळावा सोडू नका. ज्या लोकांना तुमची दगदग समजावून सांगावी लागत नाही, त्यांच्यात आठवड्यातून एकदा बसणे ही चैन नाही. फक्त एवढे ध्यानात असू द्या की त्यांतली बहुतेक कुटुंबे दोन-चार वर्षांत आपापल्या देशी परततील, आणि तुमचा मुलगा पुन्हा रात्री तापाने फणफणला तर त्यांचे घर शहराच्या दुसऱ्या टोकाला असेल.

माझा मुख्य सल्ला थोडा विचित्र वाटेल. तुम्ही देणे कसे वाढवावे याचा विचार बाजूला ठेवा आणि ऋणात राहायला शिका. सेवेला गेलेल्या माणसाला घेणे जड जाते. चहाला चहा, भेटीला भेट असा हिशेब लगेच चुकता केला की तो सुटकेचा श्वास टाकतो. पण शेजारधर्मात हिशेब पुरता चुकता झाला की पुन्हा एकमेकींकडे जायला निमित्त उरत नाही. तुमच्यापाशी आज सर्वांत मोठी गोष्ट कोणती असेल तर तो मोकळा वेळ आहे, ज्याची तुम्हाला खंत वाटते. तो शिकण्यात घाला. इंग्रजी आणि स्वाहिलीवर किसुमूत काम भागते, पण स्वयंपाकघरात लुओंची भाषा धोलुओ चालते. 'एरोकामानो', म्हणजे आभार, हा शब्द तुम्हाला येतच असेल. त्यापुढचे शब्द तिच्याकडूनच घ्या आणि चुका होऊ द्या. लुओ बायकांना माहेरच्या भागावरून 'न्यार' अमुक, म्हणजे अमक्या ठिकाणची लेक, म्हणण्याची रीत आहे. उद्या कोणी तुम्हाला 'न्यार इंडिया' म्हटले तर तो मान समजा. ज्वारी आणि नाचणी ही दोन्ही धान्ये मुळात आफ्रिकेतून हजारो वर्षांपूर्वी आपल्याकडे आली. तिकडची 'उजी' चाखली तर तुम्हाला नाचणीच्या आंबिलीची आठवण येईल. ज्वारीच्या पिठाची उगाली, म्हणजे घट्ट उकड, ढवळायला तिला शिकवायला सांगा. ती तुम्हाला नीट जमली नाही तर अधिक बरे.

परिचारिका म्हणून लोक तुम्हाला गोळ्या-इंजेक्शने मागतील, तेथे मात्र ठाम राहा. त्या देशाची नोंदणी नसताना उपचार करणे तुम्हाला आणि रुग्णाला दोघांनाही महागात पडेल. दवाखान्यात सोबत जाऊन बसणे, एवढे कोणीही करू शकते.

थोडे दिवस गेल्यावर वस्तीतल्या बायकांची 'चामा' आहे का, याची चौकशी करा. ती म्हणजे आपली भिशीच. दर आठवड्याला किंवा महिन्याला प्रत्येकीने ठरलेली रक्कम टाकायची आणि पाळीपाळीने एकीने उचलायची. तेथे पैशाचा विषय उघडपणे निघतो, सगळ्या सारखे घालतात आणि कोणीही दाता नसते. तुमच्यासारख्या कुटुंबांना ज्या जागेची गरज असते, ती मला वाटते अशीच. फक्त स्वतःहून शिरू नका, कोणी बोलावण्याची वाट पाहा, आणि रक्कम घरखर्चाला झेपेल एवढीच असू द्या.

मुलीबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिली आहे, की ती दिवसभर फोनवर नगरच्या मैत्रिणींशी बोलते. आईबापांच्या कामामुळे परमुलखात वाढणाऱ्या मुलांचा अभ्यास पहिल्यांदा नीट झाला तो १९५० च्या दशकात, आणि तोही भारतात राहणाऱ्या अमेरिकन कुटुंबांचा. त्या वेळी जॉन आणि रूथ यूसीम या दांपत्याने अशा मुलांना 'तिसऱ्या संस्कृतीची मुले' म्हटले : आईबापांच्या देशाची पुरती नाहीत, राहत्या देशाचीही नाहीत, त्यांचे आपसातच एक वेगळे जग असते. सहा वर्षांचा मुलगा अंगणातून भाषा उचलतो. तेरा वर्षांच्या मुलीला कोणीतरी हात धरून अंगणात न्यावे लागते. अकिन्यी साधारण तिच्याच वयाची आहे, असे पत्रातील शाळेच्या उल्लेखावरून दिसते. आयांचे बोलणे बंद झाले तेव्हा या दोघींचेही झाले का? तुम्ही हे पाहिले नसेल तर आधी ते पाहा. दोन मोठ्या माणसांच्या संकोचात कदाचित त्या पोरींचे नुकसान झाले असेल, आणि त्यांनी तुम्हाला सांगितले नसेल.

आता त्या डब्याबद्दल. तो मुलाच्या किंवा रखवालदाराच्या हाती पाठवू नका. फोन करून वेळही ठरवू नका. ती जशी दुपारी न सांगता यायची तशाच मुलीला घेऊन जा, दाराबाहेर उभ्या राहून 'होडी', म्हणजे आत येऊ का, म्हणा आणि आतून 'करीबू', म्हणजे या, असे येईपर्यंत थांबा. भांडे रिकामे परत करायचे नसते, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. किसुमूच्या बाजारात शेंगदाणे मिळतात, आणि आसपास उसाची शेती असल्याने 'सुकारी न्गुरू' नावाने गूळही मिळतो. त्याचे लाडू करता येतील. दिराच्या जाण्याबद्दल आधी 'पोले', म्हणजे वाईट वाटले, म्हणा. तीन महिने उशीर झाला आहे, तोही मान्य करा. मग प्रार्थनापत्राबद्दल माफी मागा, सरळ शब्दांत, त्यामागची कारणे न सांगता. तो मजकूर मागे घेत असल्याचे पाठीराख्यांना कळवले असेल तर तेही सांगा, पण ते आधी खरोखर कळवलेले असावे. पैशाचा विषय त्या दिवशी काढू नका, आणि पाकीट तर मुळीच नेऊ नका. ते माफीची किंमत ठरवल्यासारखे होईल. ती कदाचित दारातच डबा घेईल आणि आत बोलावणार नाही. तसे झाले तर परत या आणि रस्त्यात दिसेल तेव्हा मुलांची विचारपूस करत राहा. मयताचे वर्ष त्यांच्याकडेही लांब असते.

आत बोलावले तर मात्र निघताना तिच्याकडून काहीतरी मागून आणा. परसात कोथिंबीर असेल तर जुडीभर मागा. केनियात तिला 'धनिया'च म्हणतात, त्यामुळे त्या शब्दापुरते तरी भाषेचे अडणार नाही.